कुणी सांगितलं नाही का रे?

मागच्या गुरुवारी रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. तो सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी करतोय, नुकताच दुसऱ्या वर्षाला गेलाय.

"दादा, मेजर कुठला घेऊ आणि मायनर कुठला? उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे."

उद्या! मी नुकताच ऑफिसचा एक लांबलेला कॉल संपवून खिचडीचा कुकर लावला होता. डोकं निम्मं सर्व्हरवर, निम्मं शिट्ट्या मोजण्यात. पण दादा म्हटल्यावर उत्तर द्यायलाच पाहिजे. विषय विचारले. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. म्हटलं, "केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत ना तुला? मग केमिस्ट्री मेजर, मॅथ्स मायनर. हल्ली डेटा सायन्सला मॅथ्स लागतंच." दोन मिनिटांत पोराच्या पुढच्या तीन वर्षांचा निकाल लावून मोकळा झालो.

मग त्याने विचारलं, "पण उद्या मॅथ्समध्येच एमएस्सी करावीशी वाटली, तर मायनरवर चालतं का?"

मी म्हणालो, "चालत असेल."

फोन ठेवला. खिचडी झाली, खाल्ली, आडवा झालो, पण झोप काही येईना. कारण 'चालत असेल' छापाची उत्तरं मी हॉस्टेलवर भरपूर ऐकली आहेत, आणि त्यातल्या एका उत्तराची किंमत एक अख्खं वर्ष होती. माझं नाही, मास्तरचं.

मास्तर म्हणजे माझा इंजिनिअरिंगचा रूम पार्टनर. २०१५ साली आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजात (नाव नको) एकाच दिवशी हॉस्टेलला आलो. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. घरातला, बहुतेक गल्लीतलाही, हा पहिला इंजिनिअर होणार होता. गणितात गडी भलताच हुशार. पेपरच्या आदल्या रात्री आमच्या खोलीत दहा-बारा जण कोंडाळं करून बसायचे आणि हा लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने इंटिग्रेशन सोडवून दाखवायचा. म्हणून मास्तर. माझं गणित सुटलं ते त्या कपाटाच्या कृपेने, हे मी आजही मान्य करतो.

पण मास्तरला ग्राफिक्स काही झेपेना. ड्रॉइंगचा बोर्ड त्याने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या कॉलेजात पाहिला होता. फर्स्ट इयरला तो एकच विषय राहिला. एटीकेटी घेऊन सेकंड इयरला बसला. तेव्हा त्याने विंगमधल्या एका सिनियरला विचारलं, तर तो म्हणाला, "एका विषयाने काय होतंय? चालतं रे." मास्तरने ते धरून ठेवलं. त्याचा समज असा झाला की एकूण बॅकलॉग किती, एवढंच मोजतात. आपला तर एकच आहे! मग त्याने सेकंड इयरच्या विषयांवर जोर दिला. ते सगळे सुटले. ग्राफिक्स पुन्हा राहिला, चार मार्कांनी.

आता नियम असा होता, की फर्स्ट इयरचे विषय शिल्लक असताना सेकंड इयरला जाता येतं, पण थर्ड इयरला जायचं तर फर्स्ट इयर पूर्ण सुटलेलं लागतं. एक विषय राहिला काय आणि पाच राहिले काय, सारखंच. हा नियम काही गुप्त नव्हता. छापलेला होता. फक्त मास्तरला कुणी तो वाचून दाखवला नव्हता, आणि कुठे छापलाय हे विचारावं असं त्यालाही वाटलं नाही. जे आपल्याला माहीत नाही हेच माहीत नाही, ते माणूस विचारणार कसं?

२०१७ च्या जुलैमध्ये तो थर्ड इयरच्या ॲडमिशनसाठी खिडकीवर उभा राहिला. आतल्या क्लार्कने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "एफई क्लिअर नाही तुमचं. टीईला ॲडमिशन नाही मिळणार." मागे रांग होती. मी रांगेत चौथा होतो.

इथे माझ्याही हिशोबाचा एक भाग आहे. निकालानंतर पेपरची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या फॉर्मची नोटीस लागली होती, आणि ती मी वाचली होती. मास्तर तेव्हा बहिणीच्या लग्नाला गावी होता. मी त्याला फोन केला नाही. मला वाटलं, त्याला माहीत असेलच, आणि एका विषयासाठी कशाला पैसे घालवेल? फॉर्म भरला असता तर चार मार्क वाढलेच असते असं मी म्हणत नाही. पण तो फॉर्म भरायचा की नाही, हे त्याने ठरवायला हवं होतं. ते त्याच्याऐवजी मी ठरवलं, तेही आळसात.

घरी सांगायला तो एकटा जायला तयार नव्हता, म्हणून मी सोबत गेलो. वडील ड्युटीवरून आले होते, खाकी शर्ट अंगावरच होता. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त दोघांकडे बघून म्हणाले, "एवढं मोठं कॉलेज. कुणी सांगितलं नाही का रे तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या वर्षी मिळालं. कॉलेजात नॅकची समिती येणार होती. अशा वेळी काय होतं हे ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना सांगायला नको. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आणि पोरांना फायली लावायची ड्युटी. माझ्या वाट्याला मेंटर-मेंटी रजिस्टरं आली. (हो, आम्हाला मेंटर होते!) त्यात मास्तरचं पान सापडलं. सेकंड इयरच्या चार भेटी, चार तारखा, चारही नोंदी एकाच निळ्या पेनाने. शेरा चारही वेळा तोच: 'प्रगती समाधानकारक'. खाली मास्तरची सही, ती मात्र खरी. कारण त्या चारही सह्या आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या केल्या होत्या. "सह्या करा रे पटापट, फाईल द्यायचीय." माझ्या पानावरही तसंच होतं.

म्हणजे सांगितलं कुणीच नव्हतं, पण सांगितल्याची नोंद होती.

आता कुणी म्हणेल, मेंटर सर वाईट होते. अजिबात नाही. चांगला माणूस. पण त्यांच्याकडे दोन वर्गांचे लेक्चर्स, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, पेपर तपासणी, परीक्षेचं सुपरव्हिजन, ॲडमिशनची ड्युटी आणि वर नॅकच्या फायली. मेंटरिंगचे तास कुठल्याच टाईमटेबलमध्ये नव्हते. जी गोष्ट टाईमटेबलमध्ये नाही ती कॉरिडॉरमध्येच होणार. शिवाय किती कॉलेजांत शिकवणारे सीएचबीवर असतात, म्हणजे तासाप्रमाणे पगार. लेक्चर घेतलं तर पैसे, एखाद्या पोरासोबत अर्धा तास बसलं तर ते फुकट. त्यांच्याकडून मेंटरिंगची अपेक्षा करायची ती कुठल्या तोंडाने?

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. सरांना तो नियम नक्की ठाऊक होता का, याचीच मला शंका आहे. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचंच बघा: २०१२ चा पॅटर्न, मग २०१५ चा, मग २०१९ चा, आता २०२४ चा. सर शिकले तो पॅटर्न वेगळा, सिनियर शिकला तो वेगळा, आम्ही शिकलो तो वेगळा. आमच्या धंद्यात जुन्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन बघून कुणी नवीन सिस्टीमवर काम केलं तर त्याला मॅनेजर सोडत नाही. इथे मात्र जुन्या व्हर्जनचं, तेही तोंडी डॉक्युमेंटेशन ऐकून पोरं आपलं वर्ष पणाला लावतात.

आणि गंमत अशी की आपल्याकडे सल्ल्याचा दुष्काळ नाहीच. बारावीचा निकाल लागला की सल्लागारांचं पीक येतं. कॅप राउंड, कटऑफ, ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, यावर हॉल भरून कार्यक्रम होतात, क्लासवाले सांगतात, शेजारचे काका सांगतात, यूट्यूबवर तर विचारूच नका. 'काउन्सेलिंग' या शब्दाचा अर्थच आपल्याकडे ॲडमिशन असा झालाय. ॲडमिशन झालं, फी भरली, की सगळे गायब. पुढची चार वर्षं तुम्ही आणि तुमचा नोटीस बोर्ड.

ही चार वर्षं सगळ्यांना सारखी अवघड नसतात, हा खरा मुद्दा. आमच्या वर्गात एक मुलगा होता, वडील इंजिनिअर, आई प्राध्यापिका. त्याला कुठला इलेक्टिव्ह घ्यायचा, कुठला प्रोजेक्ट टाळायचा, निकाल खटकला तर काय करायचं, हे सगळं रात्री जेवताना कळायचं. त्याला मेंटरची गरज नव्हती, त्याच्या घरी दोन होते. मास्तरच्या घरी वडिलांना रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ होता, पण एटीकेटी म्हणजे काय हे कोण सांगणार? म्हणजे कॉलेजने सल्ला दिला नाही तर नुकसान सगळ्यांचं होत नाही. ज्याच्या घरी आधी कुणी शिकलेलं नाही त्याचं होतं. वर्ग एक, बेंच एक, पेपर एक, पण एकाच्या खिशात नकाशा असतो आणि दुसऱ्याच्या नसतो.

आता तर हा नकाशा आणखी अवघड झालाय. आम्हाला निदान निवडायला फारसं काही नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आले. मामेभावाची मार्कशीट पाहिली तर त्यात व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... माझ्या कंपनीत एवढे शॉर्टफॉर्म नाहीत हो! शिवाय २०२१ पासून क्रेडिटची बँक आहे. कमावलेलं क्रेडिट त्यात जमा होतं आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतं. मध्येच सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, परत येता येतं. कल्पना म्हणून मला हे सगळं पटतं. निवडीचं स्वातंत्र्य हवंच. पण निवड दिली आणि माहिती नाही दिली, तर ते स्वातंत्र्य होत नाही, मटका होतो. आणि चुकलं तर वर म्हणायचं, तूच तर निवडलं होतंस.

याच विषयावर वाचताना अमेरिकेतलं एक उदाहरण सापडलं. अटलांटाला जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथेही घरातले पहिलेच कॉलेजात जाणारे, गरीब घरचे विद्यार्थी भरपूर. २००३ च्या सुमाराला तिथे सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे शंभरातले ३२ होते. दहा-बारा वर्षांत तो आकडा ५० च्या वर गेला. २०१२ पासून त्यांनी एक सिस्टीम बसवली. ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत ८०० च्या आसपास धोक्याच्या खुणा रोज तपासते. चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात जेमतेम पास झाला, असं काही दिसलं की सल्लागाराला कळतं आणि तो विद्यार्थ्याला बोलावून घेतो.

सॉफ्टवेअरवाला म्हणून माझे डोळे लगेच चमकले. डॅशबोर्ड! लाल-पिवळे दिवे! पण नीट वाचल्यावर कळलं की त्यांनी नुसती सिस्टीम नाही बसवली, सोबत ४० च्या वर नवीन सल्लागार नेमले. दिवा लाल झाल्यावर फोन उचलणारा माणूस नसेल तर त्या दिव्याचा उपयोग काय? आणि सगळ्यात मजेची गोष्ट: तिथे एका सल्लागाराकडे साधारण ३०० विद्यार्थी असतात. आपल्याकडे एआयसीटीईच्या २०१८ पासूनच्या प्रमाणानुसार पदवीला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, आणि मेंटरमागे विद्यार्थीही कॉलेजं तितकेच दाखवतात. नॅकच्या अहवालात हे मेंटर-विद्यार्थी प्रमाण भरायचा रकानाच असायचा. म्हणजे कागदावर आपण त्यांच्या पंधरा पट पुढे आहोत. :-)

मग करायचं काय? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, पण रोज बिघडलेल्या सिस्टीम दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, भेटीच्या तारखा निर्णयांना बांधा. सेमिस्टरला दोन भेटी, या हिशोबाने नको. वर्षात चारच भेटी असू द्यात, पण वेळेवर. एक, सत्र सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात. दुसरी, परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी. तिसरी, विषय निवडायच्या आधी. आणि चौथी, निकालानंतर लगेच, पुनर्मूल्यांकनाची मुदत संपायच्या आत. वीस विद्यार्थी, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे एका फेरीला पाच तास. चार फेऱ्यांचे वर्षाला वीस तास. हे वीस तास शिक्षकाच्या कामात धरा, आणि सीएचबीवाल्याला त्याचे पैसे द्या. एका पोराच्या वाया गेलेल्या वर्षाच्या फीपुढे आणि हॉस्टेलच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पॅटर्नचं एक पान. एकच. साध्या मराठीत. पुढच्या वर्षाला जायला काय सुटलेलं लागतं, कुठल्या फॉर्मची मुदत कधी, मायनर बदलता येतो का आणि कधीपर्यंत. वर ठळक अक्षरात तारीख आणि कुठल्या बॅचला लागू ते. नियम बदलला की नवीन पान, जुनं काढून टाका. तीनशे पानी ऑर्डिनन्स कुणी वाचत नाही, पण एक पान हॉस्टेलच्या दारावर चिकटतं.

तिसरी गोष्ट, खिडकीतल्या माणसाला बाहेर आणा. आमच्या कॉलेजात सगळ्यात अचूक नियम कुणाला माहीत होते? मेंटरला नाही, प्राचार्यांना नाही. परीक्षा विभागातल्या त्या क्लार्कला. मास्तरला पहिल्यांदा खरं त्यानेच सांगितलं, पण खिडकीपलीकडून आणि वर्षभर उशिरा. त्यालाच वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गावर तासभर पाठवलं असतं तर? आपण त्याला ऑफिसवाला म्हणून सोडून देतो. माझ्या मते कॉलेजातला खरा ॲकॅडमिक ॲडव्हायझर तोच आहे, फक्त त्याच्या टेबलावर तशी पाटी नाही.

चौथी गोष्ट माझ्या धंद्यातली. माहिती तर कॉलेजकडे आधीपासून आहे. फर्स्ट इयरचा विषय शिल्लक असलेले सेकंड इयरचे विद्यार्थी, ही यादी काढायला एक्सेलचा एक फिल्टर पुरतो. मशीन लर्निंग वगैरे काही नको. सत्र सुरू झाल्यावर ती यादी मेंटरच्या हातात द्या आणि सांगा, या तिघांना या आठवड्यात चहाला बोलवा. आमच्या वेळी ती यादी निघाली असती तर मास्तरचं नाव त्यात नक्की असतं.

यावर एक नेहमीचं उत्तर येतं: "कॉलेजची पोरं म्हणजे काय शाळकरी आहेत का? बोट धरून चालवायचं किती दिवस? जबाबदारी शिकायला नको?" थोडं पटतं मला हे. निर्णय विद्यार्थ्यानेच घ्यावा. पण रस्त्यावर 'पुढे घाट आहे' अशी पाटी लावली म्हणून ड्रायव्हर काही लहान मूल होत नाही. गाडी तोच चालवतो. मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने पहिल्या दिवशी एक 'बडी' दिला होता, सहा महिन्यांसाठी. पगार घेणाऱ्या माणसाला जे मिळतं, ते फी भरणाऱ्याला का नको?

असो. मास्तर आज ठीक आहे. ग्राफिक्स सुटला, एक वर्ष उशिरा डिग्री मिळाली, आता पुण्यातच नोकरी करतो. त्या वर्षाबद्दल तो फारसं बोलत नाही. पण दर जूनमध्ये हॉस्टेलच्या ज्युनियर मुलांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज असतो: 'एफईचा एक जरी विषय राहिला असेल तर आधी तो काढा. शंका असेल तर फोन करा.' कॉलेजने करायचं काम तो एकटा करतोय.

आणि मी? शुक्रवारी सकाळी सात वाजताच मामेभावाला फोन केला. म्हटलं, "काल रात्री जे बोललो ते विसर. मला काही माहीत नव्हतं, उगाच ठोकून दिलं. कॉलेज उघडलं की आधी एचओडींकडे जा, मग ऑफिसात जा. प्रश्न कागदावर लिहून ने. आणि उत्तर कुठे छापलंय ते दाखवा म्हण."

दुपारी त्याचा फोन आला. ऑफिसातल्या मॅडमनी परिपत्रक काढून दाखवलं, एचओडींनी बसवून समजावलं. त्याने मॅथ्स मेजर घेतलं, म्हणजे मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. खुशीत होता.

"दहा मिनिटांत झालं दादा," तो म्हणाला. "चांगलं सांगतात तिथे. पण विचारायला आम्ही दोघंच गेलो होतो. वर्गात साठ जण आहेत."